उजवा स्पीकर स्वयंपाकघरात

आमच्या हिला कारखान्यात टिचकीबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, पण पाठीमागे सगळे म्हणतात. हिला ते माहीत आहे. वरवर नाक मुरडते, पण आतून तिला ते आवडतं, हेही मला माहीत आहे. इतकी वर्षं संसार केलाय, एवढं तर कळणारच.

कारखाना कपबश्यांचा. भट्टीतून माल निघाला, थंड झाला, की फळ्यांवर मांडून ठेवायचे आणि मग ही यायची. कप उचलायचा, नखाने टिचकी मारायची, ऐकायचं. स्वच्छ वाजला तर कप पुढे. नाही वाजला तर एकच शब्द, 'बाद', आणि कप खोक्यात. डोळ्याला तडा दिसत नसला तरी आवाजात तो असतो म्हणे. का बाद, कुठे बाद, असं विचारलेलं हिला खपत नसे. आणि एकदा खोक्यात गेलेला कप हिने परत हातात घेतल्याचं कुणी पाहिलेलं नाही. एकदा साहेबांनी हट्टाने एक बाद कप उचलून नेला आणि स्वतःच्या टेबलावर ठेवला. तो अजून तिथे आहे, धडधाकट, पेनं ठेवतात त्यात. मी हिला चिडवलं तर म्हणाली, पेनांचं काय, त्यांना कुठे गरम चहा प्यायचाय.

आता ही निवृत्त झालीय, तरी मोठी ऑर्डर निघाली की कारखान्याची गाडी येते हिला न्यायला. गाडी दारात लागली की मी हातातलं काम टाकून दुकानाबाहेर येऊन उभा राहतो. कुणीतरी विचारावं, काय हो, गाडी कुणासाठी, आणि मी सांगावं. माझं दुकान खाली आणि घर वर. मी सोफे भरतो, खुर्च्यांना कापड चढवतो. लग्नाआधी हिने मलाही एक टिचकी मारून पाहिलं असणार. पुढे ढकललं, एवढं खरं.

आता स्टिरिओचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

स्टिरिओ आम्ही मुलगी लहान असताना घेतला. एक जण घर मोडून परगावी चालला होता, त्याच्याकडून. मोठा अँप्लिफायर, त्यातच टेप आणि रेडिओ, आणि कमरेएवढे दोन स्पीकर. वस्तू अशी की चार माणसांनी थांबून बघावी. घरी आणला आणि त्याच दिवशी भांडण झालं. मी म्हटलं, बाहेरच्या खोलीत ठेवू, माझ्या खुर्चीजवळ. ही म्हणाली, म्हणजे तुम्ही पाय पसरून गाणी ऐकणार आणि मी आत भांड्यांचा आवाज ऐकणार. मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला. दोन दिवस अबोला. शेवटी मी भावाभावांत घर वाटतात तशी वाटणी केली. एक स्पीकर माझ्या खुर्चीशी, एक स्वयंपाकघरात. भिंतीला भोक पाडलं, मधल्या पॅसेजातून दाराच्या चौकटीवरून वायर नेली, वर पट्टी मारली, पट्टीला रंग दिला. काम असं झालं की वायर कुठे आहे ते शोधावं लागेल. दोघांनाही आपापला स्पीकर मिळाला आणि घरात शांतता झाली.

शिवाय मी माझ्याकडून एक भर घातली. स्पीकरच्या तोंडावरचं काळं कापड विटलं होतं. माझ्याकडे एका हॉटेलच्या सोफ्यांतली तांबडी मखमल उरली होती, चांगली जाड. ती मी दोन्ही स्पीकरना ताणून बसवली, कडेने पितळी खिळे मारले. येणारा जाणारा आधी त्या मखमलीवर हात फिरवायचा आणि मग चहाला बसायचा. मखमल उत्तम होती, हे मी आजही म्हणतो.

आणि वर्षानुवर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. आमच्या टेपा सगळ्या जुन्या गाण्यांच्या, आणि रेडिओवर आम्ही ऐकायचो बातम्या. त्या जुन्या गाण्यांत दोन्हीकडून एकच आवाज येतो, हे मला आता कळलंय. तेव्हा एवढंच कळत होतं की ही आत गुणगुणतेय आणि मी बाहेर, आणि दोघांचं गाणं एकच आहे.

आमची मुलगी, ठकू, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. संध्याकाळी घरी आली की कॉम्प्युटर उघडून कानाला हेडफोन लावून बसते आणि गाणं करते. करते म्हणजे काय करते, हे बरेच दिवस माझ्या डोक्यावरून गेलं. हातात वाद्य नाही, तोंडाने सूर नाही, नुसती बटणं दाबायची आणि मधेच मान डोलवायची. घरात आवाज शून्य. मी म्हणायचो, मुलगी गाणं करते आणि आम्हाला ऐकू येते ती फक्त बटणांची टकटक. ती म्हणायची, झालं की ऐकवेन बाबा. ते कधी होतच नव्हतं.

मग एक नाटकवाला मधे आला. त्याच्या मंडळींचं नवं नाटक बसत होतं. ठकूने केलेला एखादा तुकडा त्याने कुठेतरी ऐकला आणि म्हणाला, सगळ्या नाटकाचं संगीत तू कर आणि आमच्याबरोबर दौऱ्यावर चल. म्हणजे चष्म्याचं दुकान सोडायचं. ठकूने नाटकातल्या पहिल्या प्रवेशाचं संगीत करून पाहिलं, आणि मग आम्हाला सांगितलं की हो का नाही ते आईवर आहे. आई ऐकेल, आई सांगेल, आणि आई म्हणेल तेच ती त्याला कळवेल.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं, की बाई गं, असं करू नकोस, तुझ्या आईकडे दोनच रस्ते आहेत, पुढे नाहीतर खोका. ठकू म्हणाली, म्हणूनच. बाकी सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात, आई तसं बोलत नाही.  

दुसऱ्या दिवशी दुकानाला जाताना तिने कॉम्प्युटर टेबलावर मांडला, हेडफोन जोडून ठेवले आणि आईला दाखवलं, हे कानाला लाव, हे बटण दाब, शेवटपर्यंत ऐक. मी असताना ऐकू नकोस, मला धडधडतं. आणि गेली.

हिने हेडफोन हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि खाली ठेवले. म्हणाली, कानाला झाकणं लावून मी आयुष्यात काही पारखलेलं नाही. मोकळ्या हवेत वाजू दे, मग सांगते. आणि मला तर तेच हवं होतं. पोरीचं पहिलं गाणं घरात वाजणार आणि ते कानातल्या दोन बोंडांतून? घरात एवढा मोठा स्टिरिओ काय शोभेला ठेवलाय? मी जिना उतरून कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे गेलो. त्याने एक वायर दिली, एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन, लाल आणि पांढरी. म्हणाला, एक पिन कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या जागी, दोन अँप्लिफायरच्या मागे.

अँप्लिफायरच्या मागे काय कमी भोकं आहेत? पहिली जोडी दिसली तिच्यात खुपसली. बटण दाबलं आणि असा फाटका आवाज आला की खालच्या दुकानात गिऱ्हाईक असतं तर पळालं असतं. ही आतून म्हणाली, हे ठकूने केलंय की तुम्ही? पुन्हा मागे वाकून, बॅटरी मारून वाचलं, तर ती भोकं तबकडीच्या प्लेयरची. त्याचा आवाज मुळात इतका बारीक असतो की अँप्लिफायर तिथे त्याला खूप फुगवून घेतो. कॉम्प्युटरचा आधीच भरपूर, तो फुगवला की फाटणारच. पिना शेजारच्या भोकांत घातल्या. फाटणं गेलं. मग पाठीमागे एक गुणगुण राहिली, घोंगावणारी, एकसारखी. चार्जरची वायर भिंतीतून उपटली आणि ती गुणगुण तिथल्या तिथे बंद. मग सळसळ. मी भीतीपोटी कॉम्प्युटरचा आवाज अगदी कमी ठेवला होता आणि स्टिरिओचा पूर्ण. इलेक्ट्रिकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, काका, उलट करा, कॉम्प्युटर जवळजवळ पूर्ण आणि कमीजास्त जे काय ते स्टिरिओवर. तसं केलं आणि सळसळही गेली. माझी छाती फुगली. म्हटलं, आता लाव कान.

ही स्वयंपाकघरात आपल्या स्पीकरसमोर उभी राहिली, हात पुसून, पदर खोचून, कामावर उभी राहायची तशी. मी बाहेर माझ्या खुर्चीत. गाणं सुरू झालं आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. लांबून कुणीतरी हाक मारावी तसा एक सूर, मग थांबा, मग पुन्हा तीच हाक जरा वरच्या पट्टीत. नाटकात धुकं आहे, दोन नावाडी एकमेकांना दिसत नाहीत, एवढं ठकूने सांगितलं होतं. मला तो नावाडी दिसला. मधे मधे गप्प व्हायचं गाणं, पण मला वाटलं, धुकं आहे, होणारच.

संपल्यावर मी आत गेलो. हिचा चेहरा उतरला होता. काय गं, म्हटलं. हिने भाजी चिरायला घेतली.

संध्याकाळी ठकू आली. चपलाही न काढता दारातच उभी राहून आईकडे बघायला लागली. मी हिला डोळ्यांनी खुणावत होतो, जरा दमाने घे, जरा गोड बोल, पोटची पोर आहे. माझ्या खुणांना हिने आजवर कधी भीक घातलीय? हिने सुरी खाली ठेवली, ठकूकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "बाद."

ठकू आधी हसली. मग तिला कळलं की आई चेष्टा करत नाही. का, असं तिने विचारलं नाही, कारण या घरात तसं कुणी विचारत नाही. बरं, म्हणाली, आणि चपला काढून कपाटात नीट ठेवल्या.  रडली असती, आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. सकाळी निघताना कॉम्प्युटर मिटवून म्हणाली, दुपारच्या सुट्टीत नाटकवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगते, आणि हे आता बस झालं, संध्याकाळी उगाच डोळे जातात.

ती गेली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हिला म्हटलं, इतकी सुरेख चाल बाद करताना तुझी जीभ कशी रेटली? ही म्हणाली, चाल? कुठली चाल? त्यात चाल कुठे होती? मी म्हटलं, ती हाक, आणि गाऊन दाखवली. माझा गळा म्हणजे काय, पण दाखवली. ही म्हणाली, असलं काही त्यात नव्हतं. कुणीतरी लाकडावर दोन ठोके मारतं, मग नुसतं गप्प, मग पुन्हा दोन ठोके. मला वाटलं आता तरी सुरू होईल, आता तरी होईल, आणि संपलंच. मी म्हटलं, तू लक्षच दिलं नाहीस. ही म्हणाली, तुम्ही लेकीच्या प्रेमात मनानेच चाल घालून घेतलीत. आता हे अति झालं. ज्या बाईच्या कानावर कारखाना चालला तिला मी म्हटलं की तुझे कान गेले. आणि ती मला म्हणाली, तुमचे कधी होते?

मी कॉम्प्युटर उघडला, वायर जोडली, म्हटलं, लाव पुन्हा, उभी राहा तिथेच आणि सांग. ती आत, मी बाहेर. माझ्याकडे हाक आली. मी ओरडलो, ही घे. ही आतून ओरडली, काही नाहीये, ठोके आहेत. मी म्हटलं, ही बघ, पुन्हा. ती म्हणाली, कुठे पुन्हा, गप्प आहे. शेवटी मला चार शब्द सुनवायचे म्हणून ही तावातावाने बाहेर यायला निघाली आणि पॅसेजात आली.

आणि तिथेच उभी राहिली.

मला वाटलं, हिला चक्कर आली. भिंतीला हात लावून, मान खाली घालून उभी. मी खुर्चीतून उठलो तर हाताने मला थांबवलं. गाणं संपलं तेव्हा म्हणाली, पुन्हा लावा. मी पुन्हा लावलं. मग म्हणाली, इकडे या. मी पॅसेजात जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो. बाहेरच्या खोलीतून हाक येत होती आणि स्वयंपाकघरातून तिला उत्तर मिळत होतं. वल्ह्याचे ठोके होते ते. मी ज्याला धुकं समजत होतो ते दुसऱ्या नावाड्याचं बोलणं होतं, आणि हिला जे गप्प वाटत होतं ती पहिल्याची हाक होती. पोरीने एक नावाडी डावीकडे ठेवला होता, एक उजवीकडे, आणि आम्ही नवराबायकोने एकेक वाटून घेतला होता.

ही म्हणाली, "अहो, मी अर्धंच ऐकलं." 

मी म्हटलं, फोन करू तिला. केला, वाजत राहिला. दुकानात फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे. मी जिन्याकडे निघालो तर ही म्हणाली, थांबा. सुट्टीला वेळ आहे अजून. नुसतं जाऊन मी काय सांगू? अर्धं ऐकून बाद केलं, आता पॅसेजात उभं राहून पास करू? आधी नीट ऐकू दे.

मग जे झालं ते माझ्या घराच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. मी चौकटीवरची पट्टी उचकटली, रंगासकट. वायर ओढून काढली. स्वयंपाकघरातला स्पीकर दोघांनी मिळून, एकमेकांवर खेकसत, बाहेरच्या खोलीत आणला. समोरच्या भिंतीला एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. लावून पाहिलं तर आवाज घुमायला लागला, मोठ्या हंड्यात तोंड घालून बोलावं तसा. ही म्हणाली, कोपऱ्यातून पुढे ओढा. ओढले. घुमणं गेलं. ही म्हणाली, डावा जवळ वाटतो. तो मागे सरकवला. ही म्हणाली, दोघांचं तोंड जरा आत वळवा, माणसाकडे. वळवलं. मग हिने मधल्या जागेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, तुमची खुर्ची इथे आणा. आणली. मी बसायला गेलो तर म्हणाली, तुम्ही कशाला? माझ्या खुर्चीत माझी बायको बसली आणि मी बाजूला उभा राहिलो.

पुन्हा लावलं. दोन्ही नावाडी समोर, आणि मधे नदी, अगदी आमच्या टीपॉयवर. मी तर भारावलो. पण हिच्या कपाळावर आठी. उठली, स्पीकरजवळ गेली, मखमलीला कान लावला, बोटाने मखमल चाचपली.  म्हणाली, तोंडावर गोधडी घेऊन बोलतायत दोघं. मी म्हटलं, ती हॉटेलची मखमल आहे, तिला आता बाजारात... पण कात्री माझ्याच दुकानातली होती आणि ती आधीच तिच्या हातात होती. पितळी खिळ्यांच्या आतून तिने मखमल कापली. मी ते उभ्या उभ्या पाहिलं. बापाला काय काय पाहावं लागतं.

आणि तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पाणी ऐकू आलं. पाणी. वल्हं उचललं की त्यावरून गळणारं. पोरीने ते इतकं बारीक ठेवलं होतं की ते मखमलीतून बाहेरच येत नव्हतं. मी हिच्याकडे पाहिलं. ही डोळे मिटून बसली होती, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, आणि संपल्यावरही तिने डोळे उघडले नाहीत. मग उठली, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली. मी मागून कुलूप लावत धावलो.

चष्म्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही पोहोचलो तेव्हा ठकू एका बाईच्या नाकावर फ्रेम बसवून पाहत होती. आम्हा दोघांना असं धापा टाकत आलेलं पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, कुणी गेलं. हिने सरळ विचारलं, फोन केलास? ठकू म्हणाली, केला. दुपारची सुट्टी आज लवकर दिली. काय सांगितलंस? नाही म्हणून.

 दुकानाचे मालक गल्ल्यावरून बघत होते, फ्रेमवाली बाई आरसा हातात धरून बघत होती. माझं मन म्हणत होतं, आता संपलं सगळं. खोक्यात गेलेला कप ही बाई बाहेर काढत नाही, आणि इथे तर कप गल्लीतून पार दुसऱ्याच्या दारात गेलाय. ही म्हणाली, लाव त्याला पुन्हा आणि मला दे.

ठकूने मालकांकडे पाहिलं. मी मालकांना म्हटलं, साहेब, तुमच्या बाकाची गादी पार बसलीय, ती मी बदलून देतो. त्यांनी ड्रॉवर उघडला.

ही फोनवर असं बोलली की फोनची गरजच नव्हती, सबंध दुकानाने ऐकलं. "मी तिची आई बोलतेय. मघाशी तुम्हाला जे नाही म्हणून कळवलं, ते तिचं नव्हतं, माझं होतं. मी तिचं काम अर्धंच ऐकलं आणि बाद केलं. आज पूर्ण ऐकलं. माझं चुकलं. तुम्ही तोवर दुसरं कुणी ठरवलं असेल तर माझा इलाज नाही. नसेल ठरवलं, तर माझ्या चुकीपायी तिला सोडू नका."

पलीकडून मग नाटकवाला बोलला आणि ही हूं हूं करत राहिली. शेवटी म्हणाली, बरं, सांगते, आणि फोन ठकूला परत दिला. म्हणाली, डोक्याला हात लावून बसला होता बिचारा. उद्या सकाळी बोलावलंय.

ठकूच्या हातात अजून त्या बाईच्या फ्रेमचं पुसायचं फडकं होतं. तिने विचारलं, हेडफोन ठेवले होते ना मी? ही म्हणाली, लावले नाहीत. ठकू म्हणाली, मग आता? पुढे की काय?  मला वाटलं, आता तरी ही चांगलं म्हणेल आणि मोकळी होईल. पण ही म्हणाली, दोघं नावाडी भेटतात तिथे घाई झालीय. अजून थोडं धुकं राहू दे. ठकू हसली आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, माहितीये मला, तिथेच अडकले होते. एकाही माणसाला कळलं नव्हतं ते.

मग ही जरा जवळ सरकली आणि आवाज खाली आणून बोलली, फक्त तिच्यासाठी, पण मी शेजारीच होतो. "जन्मभर लोकांनी घडवलेल्या वस्तू ऐकत आले मी. माझ्या पोरीने घडवलेलं काल पहिल्यांदा कानावर आलं, आणि मी समोर येऊन बसले नाही." ठकूने काउंटरवरून वाकून तिच्या गळ्यात हात टाकले. फ्रेमवाल्या बाईने आरसा खाली ठेवला आणि मालक गल्ला मोजायला लागले, जो त्यांनी नुकताच मोजला होता.

मी अभिमानाने फुगून फुटायचा तेवढा बाकी होतो. लेकीचा अभिमान होताच, पण जास्त हिचा. मुलीला चांगलं म्हणणारे घरोघरी आहेत. भर दुकानात, परक्या माणसाला फोन लावून, माझं चुकलं असं खणखणीत म्हणणारी मी एकच पाहिली, आणि ती माझ्या घरात आहे.

परत येताना ही माझ्यापुढे चालत होती. कोपऱ्यावर फळवाली होती, तिला हिने थांबून सांगितलं की आमची ठकू नाटकाला संगीत देते. पुढे इलेक्ट्रिकवाला, त्यालाही सांगितलं. मग कारखान्यात हिच्या हाताखाली असलेली एक बाई भेटली, तिचा तर हातच धरला. जिने जन्मात कुणाला आपलं कौतुक सांगितलं नाही, ती आज गल्लीत एकेकाला अडवत होती.

"घरी या ऐकायला," ही तिला सांगत होती. "दोन्ही स्पीकर समोर आहेत आता. पण मधे खुर्ची एकच आहे, तेव्हा एकेकाने या."